घरचा संगणक आणि शिक्षकाचे दप्तर



शाळेच्या जनरल रजिस्टरचे महत्त्व तुम्हांस नव्याने सांगावयास नको. एखादा गृहस्थ दूरच्या गावाहून येतो, आपल्या आजोबांचे नाव व अंदाजे साल सांगतो आणि जातीच्या दाखल्याकरिता शाळेतील नोंदीचा उतारा मागतो. मुख्याध्यापक कपाट उघडतात, जीर्ण झालेली वही काढतात आणि पानावर बोट फिरवीत असता ती ओळ सापडते. नोंद करणारे गुरुजी केव्हाच निवर्तलेले असतात. परंतु त्यांच्या टापटिपीमुळे एका मुलाचे पुढील शिक्षण अडत नाही. वही जागच्या जागी ठेवणे, तिजवर शाई सांडू न देणे, तिला वाळवी लागू न देणे ही कामे किती मोलाची होती, हे अशा वेळी ध्यानात येते.

आज आपले पुष्कळसे लेखन वहीऐवजी घरच्या संगणकावर होते. यू-डायस प्लससारख्या शासकीय व्यवस्थेत भरलेली माहिती शासनाच्या यंत्रावर जमा होते, हे खरे. तथापि टाचणे, चाचण्यांचे कागद, निकालाचे तक्ते, शाळा व्यवस्थापन समितीची इतिवृत्ते, क्षेत्रभेटीची छायाचित्रे आणि वर्षानुवर्षे जमविलेले पाठ हे सारे आपल्याच घरी, आपल्याच यंत्रात असते. वही सांभाळण्याची विद्या आपल्या अंगी मुरलेली आहे. यंत्रातील कागद सांभाळण्याची विद्या मात्र आपणांपैकी अनेकांनी कोणाकडून रीतसर घेतलेली नाही. काही अडले की पुतण्यास हाक मारावी, नाही तर तालुक्याच्या दुकानात यंत्र न्यावे, असा परिपाठ पडला आहे. हे परावलंबन थोडे कमी व्हावे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे.

१. कार्यप्रणाली म्हणजे काय?

संगणक सुरू केल्यावर प्रथम जी व्यवस्था जागी होते, तिला ऑपरेटिंग सिस्टीम अर्थात कार्यप्रणाली म्हणतात. विंडोज ही एक कार्यप्रणाली, लिनक्स ही दुसरी. आपल्या खिशातील फोन ज्यावर चालतो ते अँड्रॉइड हीही एक कार्यप्रणालीच होय. पत्र लिहिण्याचा, तक्ता करण्याचा, चित्र पाहण्याचा असे जे निरनिराळे प्रोग्रॅम आपण वापरतो, त्या सर्वांस यंत्राची साधने वाटून देणे, कागद कोठे ठेवला याचा हिशेब राखणे आणि कोणास काय करण्याची परवानगी आहे हे पाहणे, ही तिची कामे.

द्विशिक्षकी शाळेत काम केलेल्या शिक्षकास हे समजावयास कठीण नाही. पहिली व दुसरी एकाच खोलीत बसलेल्या असतात. गुरुजी दुसरीस वजाबाकीची उदाहरणे घालतात, तोवर पहिलीचे वाचन घेतात, पुन्हा दुसरीकडे वळून पाट्या तपासतात. दोन्ही वर्गांस वाटते की गुरुजी आपल्याकडेच आहेत. संगणकाचे मुख्य यंत्र, ज्यास प्रोसेसर म्हणतात, ते असेच एका प्रोग्रॅमकडून दुसऱ्याकडे वळत असते. मात्र एका सेकंदात ते इतक्या वेळा वळते की आपल्या डोळ्यास सर्व कामे एकसमयी चाललेली दिसतात. कोणाकडे केव्हा व किती वेळ वळावयाचे, हे कार्यप्रणाली ठरविते. एकाच गुरुजींपुढे सातही इयत्ता आणून बसविल्या तर प्रत्येकीच्या वाट्यास थोडाच वेळ येईल. त्याचप्रमाणे वीस प्रोग्रॅम उघडे ठेवले की यंत्र मंदावते. त्यात यंत्राचा दोष नसतो. आपण त्याच्यापुढे किती वर्ग बसविले, हे आधी मोजावे.

२. फळा आणि कपाट

संगणकात लिहिलेले दोन ठिकाणी असू शकते. एक जागा फळ्यासारखी आहे. तिला रॅम म्हणतात. चालू काम तेथे मांडले जाते आणि वीज गेली की ते क्षणात पुसले जाते. दुसरी जागा कपाटासारखी आहे. ती म्हणजे डिस्क. तेथे ठेवलेले वीज गेल्यावरही राहते. ‘सेव्ह’ करणे याचा अर्थ फळ्यावरचे वहीत उतरवून कपाटात ठेवणे एवढाच.

खेड्यापाड्यांत वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. यास्तव नवा कागद उघडताच, एक ओळही लिहिण्यापूर्वी, त्यास नाव देऊन तो योग्य जागी सेव्ह करावा. त्यानंतर प्रत्येक परिच्छेदाअखेर कंट्रोल व एस या दोन कळा एकत्र दाबाव्या. परिच्छेद संपला की पूर्णविराम देण्याची जशी सवय लागते, तशी ही सवय लागावी. चुकून काही खोडले गेले तर घाबरून आणखी कळा दाबू नयेत; कंट्रोल व झेड दाबल्यास मागील कृती रद्द होते आणि खोडलेले परत येते.

यंत्र बंद करतानाही प्लग ओढू नये. कार्यप्रणाली आपला हिशेब कपाटात लिहून घेत असते, तो अर्धवट राहिल्यास कागद बिघडण्याचा संभव असतो. स्टार्टच्या यादीतून ‘शट डाउन’ निवडून पडदा काळा होईपर्यंत थांबावे. पेनड्राइव्ह काढतानाही खालच्या पट्टीतील चिन्हावरून ‘इजेक्ट’ करूनच काढावा.

३. कागदाचा पत्ता

प्रस्तुत लेखक वाशी येथे राहतो. १९७० च्या मार्च महिन्यात सिडको या महामंडळाची स्थापना झाली आणि खाडीच्या पूर्वेकडील गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहू लागली. वाशी ही तिच्या आरंभीच्या वसाहतींपैकी एक. येथे दोन प्रकारचे पत्ते आजही शेजारीशेजारी नांदतात. जुन्या वाशीगावात घर विचारले की उत्तर मिळते, ‘देवळामागून जा, विहीर लागेल, तिच्या समोरचे घर.’ गावच्या माणसास ते पुरते. परक्यास पुरत नाही. नव्या वसाहतीत मात्र प्रथम सेक्टर, मग इमारत, मग खोलीचा क्रमांक असा पत्ता असतो आणि प्रथमच आलेला टपालवालाही तेवढ्यावर दारापर्यंत पोहोचतो.

संगणकातील प्रत्येक कागदास, म्हणजे फाइलीस, सेक्टरच्या पद्धतीचाच पत्ता असतो. सी ड्राइव्ह, त्यात यूजर्स, त्यात आपल्या नावाचा फोल्डर, त्यात डॉक्युमेंट्स, त्यात शाळा, त्यात वर्ष, त्यात इयत्ता: अशा एकात एक पेट्या असतात. आपण मात्र बहुधा जुन्या गावच्या पद्धतीने म्हणतो, ‘ती काय, समोरच आहे, त्या पिवळ्या चित्राच्या खाली.’ रोजच्या वापरास हे पुरते. यंत्र दुसऱ्याच्या हाती गेले की पुरत नाही. याची किंमत मी स्वतः मोजली आहे, ती येथे सांगतो.

आगरी वस्तीतील शाळांत पहिलीत येणारे मूल ‘पाणी’ यास ‘पानी’, ‘डोळा’ यास ‘डोला’ आणि ‘मला’ यास ‘मना’ म्हणते. शिक्षकाने ते चूक म्हणून खोडले तर मूल गप्प बसते; त्या शब्दावरून प्रमाण शब्दाकडे त्याचे बोट धरून नेले तर ते बोलू लागते. हे ध्यानात घेऊन मी सुमारे बारा वर्षे बोलीतील शब्द जमविले. शाळाभेटीस गेलो की शिक्षिका काही सांगत, पोषण आहार शिजविणाऱ्या बाया काही सांगत, ओट्यावर बसलेल्या आजीबाई तर हसत हसत दहा शब्द देत. असे अकराशेच्या वर शब्द अर्थ व वाक्यांसह मी घरच्या संगणकावर लिहून काढले होते. ती फाइल डेस्कटॉपवर, म्हणजे पडदा उघडताच दिसणाऱ्या पहिल्या पानावर, ठेविली होती.

एका पावसाळ्यात यंत्र सुरूच होईना. जवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात नेले. कारागिराने विचारले, “सर, विंडोज नव्याने टाकावी लागेल. सी ड्राइव्ह पुसला जाईल. सीमध्ये तुमचं काही आहे का?” मी ठामपणे सांगितले, “सीमध्ये माझं काही नाही. माझं काम डेस्कटॉपवर आहे.” त्याने डी ड्राइव्ह तसाच ठेवून सी ड्राइव्ह पुसला. संध्याकाळी यंत्र घरी आले, स्वच्छ आणि वेगवान झालेले; डेस्कटॉप मात्र कोरा होता.

डेस्कटॉप ही स्वतंत्र जागा नसून सी ड्राइव्हमधील, यूजर्समधील, आपल्याच नावाच्या पेटीतील एक फोल्डर आहे, हे मला त्या दिवशी कळले. कारागिराने विचारावयाचे ते विचारले होते. मलाच माझ्या घराचा पत्ता ठाऊक नव्हता. एका शिक्षिकेने आपल्या वर्गापुरती काढून घेतलेली झेरॉक्स प्रत तिच्याजवळ होती, तीतून सुमारे तीनशे शब्द परत मिळाले. उरलेले पुन्हा जमवीत आहे. परंतु ज्या आजीबाईंनी ते प्रथम दिले, त्यांपैकी काही आता हयात नाहीत.

म्हणून पहिली कृती ही करावी. आपल्या कोणत्याही महत्त्वाच्या फाइलीवर माउसची उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे. तेथे ‘लोकेशन’ या शब्दापुढे तिचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. तो वहीत उतरवून ठेवावा. फाइलींचे कपाट उघडण्यास विंडोजच्या चिन्हाची कळ व ई या कळा एकत्र दाबाव्या.

फाइलीस नाव देतानाही शिस्त असावी. ‘नवीन’, ‘नवीन १’, ‘फायनल’, ‘फायनल शेवटचे’ अशी नावे महिन्याभरात निरर्थक होतात. नावाच्या आरंभी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहावा. उदाहरणार्थ ‘२०२५-०७-१४ तिसरी गणित चाचणी’. असे केल्याने नावांची यादी आपोआप कालानुक्रमे लागते. दिनांक लिहिताना तिरकी रेघ वापरू नये. विंडोजमध्ये तिरकी रेघ, अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारका, दुहेरी अवतरणचिन्ह ही चिन्हे फाइलीच्या नावात चालत नाहीत. ‘नाव स्वीकारत नाही’ अशी जी तक्रार अनेक शिक्षक करतात, तिचे मूळ बहुधा येथेच असते. नाव बदलावयाचे असल्यास फाइल निवडून एफ-२ ही कळ दाबावी.

४. दुसरी प्रत

कपाटास आग लागली तर आतील सर्व वह्या एकदम जळतात. एकाच डिस्कवर ठेविलेल्या दोन प्रतींची गतही तशीच होते. सी व डी हे बहुतेक यंत्रांत एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. विंडोज नव्याने टाकताना डी कप्पा वाचतो, हे खरे. परंतु डिस्कच निकामी झाली तर दोन्ही जातात. यास्तव डी ड्राइव्हवरील प्रत ही ‘दुसरी प्रत’ समजू नये.

जाणते लोक एक सोपा नियम पाळतात: महत्त्वाच्या कागदाच्या तीन प्रती असाव्या, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्या आणि एक प्रत घराबाहेर असावी. एक प्रत संगणकात, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर आणि तिसरी गूगल ड्राइव्ह वा वनड्राइव्हसारख्या ठिकाणी ठेवावी. जेथे इंटरनेट क्षीण आहे, तेथे तिसरी प्रत शाळेच्या कपाटात ठेविलेल्या दुसऱ्या पेनड्राइव्हवर असली तरी चालेल. अत्यंत मोलाचे असेल ते छापूनही ठेवावे. माझे तीनशे शब्द कागदानेच वाचविले, हे विसरू नये.

पुसलेली फाइल प्रथम ‘रिसायकल बिन’ या टोपलीत जाते आणि तेथून परत आणता येते. परंतु पेनड्राइव्हवरून पुसलेली फाइल बहुधा टोपलीत जात नाही, थेट नाहीशी होते. शिफ्ट दाबून डिलीट केल्यासही तसेच होते. पेनड्राइव्ह हा प्रवासाचा डबा आहे. त्यास कोठार मानू नये.

५. मराठी लेखन

एका शाळेत उत्तम टंकलेखित केलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्या शाळेत उघडली तर तीत इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा गोंधळ दिसतो, हा अनुभव पुष्कळांस आहे. याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. जुन्या पद्धतीच्या मराठी फाँटमध्ये यंत्राच्या पोटात प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरच साठविले जाते. फाँट फक्त त्या जागी मराठी अक्षराचे चित्र काढतो. तो फाँट जेथे नाही, तेथे मुखवटा गळून पडतो.

१९९१ साली पहिली आवृत्ती निघालेल्या युनिकोड या सांकेतिक पद्धतीने हा प्रश्न सोडविला. तीत जगातील लिप्यांच्या प्रत्येक वर्णास स्वतःचा क्रमांक आहे. आपल्या देवनागरीचा मुख्य विभाग २३०४ पासून २४३१ पर्यंतच्या १२८ जागांचा असून ‘क’ या वर्णाचा क्रमांक २३२५ हा आहे. युनिकोडमध्ये लिहिलेले मराठी फोनवर, शासनाच्या संकेतस्थळावर वा दुसऱ्याच्या यंत्रावर, कोठेही मराठीच राहते. शिवाय शेकडो नावांच्या यादीत एखाद्या मुलाचे नाव शोधता येते. जुन्या फाँटच्या यादीत तो शोध साधत नाही.

याकरिता वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. विंडोजच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’ हा भाग उघडून भाषांच्या यादीत मराठी जोडावी. त्यानंतर विंडोज कळ व स्पेसबार एकत्र दाबले की इंग्रजीवरून मराठीवर व परत जाता येते. इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरून लिहिण्याची फोनेटिक पद्धतही उपलब्ध आहे. परंतु नव्याने शिकणाऱ्याने इनस्क्रिप्ट ही पद्धत अवश्य पाहावी. तीत स्वर व मात्रा डाव्या हाताकडे आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे आहेत. ज्या कळेवर ‘क’ आहे तीच शिफ्टसह दाबली की ‘ख’ उमटतो. त्याचप्रमाणे ‘ग’ वरून ‘घ’, ‘त’ वरून ‘थ’, ‘प’ वरून ‘फ’. अल्पप्राण व महाप्राण यांची ही जोडी आपण वर्णमाला शिकविताना मुलांस सांगतोच. पंधरा दिवस रोज अर्धा तास सराव केला, तर कळांकडे न पाहता लिहिता येऊ लागते.

६. यंत्र मंदावले तर

यंत्र मंद झाले की ‘व्हायरस आला’ असे आपण पटकन म्हणतो. रुग्णास तपासल्याविना औषध देऊ नये. प्रथम कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकत्र दाबून ‘टास्क मॅनेजर’ उघडावा. कोणता प्रोग्रॅम किती वेळ व किती स्मृती खात आहे, याचे ते हजेरीपत्रकच होय. एखादा प्रोग्रॅम प्रतिसाद देईनासा झाला असेल, तर त्याचे नाव निवडून ‘एंड टास्क’ करावे. मात्र त्यातील न जतन केलेले लेखन जाते, हे ध्यानात असावे. ज्या नावाची ओळख नाही, ते कार्यप्रणालीचे स्वतःचे काम असू शकते. त्यास हात लावू नये.

त्याच ठिकाणी ‘स्टार्टअप’ असा भाग आहे. यंत्र सुरू होताच न बोलाविता जागे होणारे प्रोग्रॅम तेथे दिसतात. त्यांपैकी अनावश्यक ते ‘डिसेबल’ करावे. याने प्रोग्रॅम नाहीसा होत नाही. आपण बोलावू तेव्हाच तो येतो.

आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ केल्यावरही कार्यप्रणाली आपल्या स्थितीचा काही भाग डिस्कवर राखून ठेवते, म्हणजे दुसऱ्या दिवशी यंत्र लवकर सुरू व्हावे. त्यामुळे कालची अडचण आज तशीच उभी राहू शकते. ‘रीस्टार्ट’ केल्यास मात्र सर्व काही नव्याने मांडले जाते. म्हणून काही बिघडल्यास प्रथम काम सेव्ह करून रीस्टार्ट करावे. छापखाना चालत नाही, आवाज येत नाही, इंटरनेट लागत नाही अशा कित्येक तक्रारी तेवढ्याने मिटतात.

डिस्क काठोकाठ भरली असली तरीही वेग मंदावतो. ‘सेटिंग्ज’मधील ‘सिस्टीम’ व त्यातील ‘स्टोरेज’ येथे तात्पुरत्या फाइली पुसण्याची सोय आहे. तेथे ‘डाउनलोड्स’ या नावापुढे खूण करण्यापूर्वी थांबावे. शासनाची परिपत्रके व पालकांनी धाडलेले कागद आपण तेथेच उतरविलेले असतात. यंत्र ‘झाडून’ देतो म्हणणारे फुकटचे प्रोग्रॅम मात्र घालू नयेत.

७. कुलूप आणि किल्ली

आपल्या संगणकात मुलांची नावे, जन्मतारखा, पालकांचे दूरध्वनी क्रमांक व कधी आधार क्रमांकही असतात. पालकांनी ते शाळेवरील विश्वासाने दिलेले असतात. यास्तव यंत्रास संकेतशब्द असावाच. घरातील मुले तेच यंत्र वापरीत असतील तर त्यांच्याकरिता स्वतंत्र खाते उघडावे आणि ते ‘स्टँडर्ड’ प्रकारचे ठेवावे, म्हणजे नवे प्रोग्रॅम घालण्यास तुमची परवानगी लागेल. जागेवरून उठताना विंडोज कळ व एल दाबावी. यंत्रास तत्काळ कुलूप लागते.

विंडोजमध्ये डिफेंडर हा रक्षक मुळातच असतो. सामान्य घरगुती वापरास तो पुरतो, मात्र त्यास व कार्यप्रणालीस येणाऱ्या सुधारणा थांबवू नयेत. फाइलीच्या नावाचा शेवटचा भाग दिसेल अशी व्यवस्था ‘व्ह्यू’ या यादीतून करावी. छायाचित्र म्हणून आलेल्या फाइलीच्या शेवटी ‘.ईएक्सई’ अशा अर्थाची इंग्रजी तीन अक्षरे असतील, तर ते चित्र नसून प्रोग्रॅम आहे. ते उघडू नये.

कधी अचानक पडदाभर सूचना येते की, ‘आपल्या संगणकात विषाणू शिरला आहे, या क्रमांकावर त्वरित दूरध्वनी करा.’ ही फसवणूक असते. दूरध्वनी करू नये, कोणाच्या सांगण्यावरून यंत्र दुरून हाताळू देणारा प्रोग्रॅम घालू नये. पान बंद होत नसेल तर टास्क मॅनेजरमधून बंद करावे. पैशांची फसवणूक झालीच, तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

८. जुने यंत्र

विंडोज १० या कार्यप्रणालीस मिळणाऱ्या मोफत सुधारणांचा नेहमीचा काळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ती त्या दिवशी बंद पडली नाही. परंतु नव्याने सापडणाऱ्या भगदाडांस ठिगळ मिळण्याची पूर्वीसारखी हमी उरली नाही. विंडोज ११ करिता किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चीप लागते. पुष्कळ जुन्या यंत्रांत ती नसते.

अशा यंत्रास भंगारात काढण्यापूर्वी लिनक्सचा विचार करावा. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहिला आणि तो सर्वांस मोकळा केला. त्याच पायावर आपल्या सी-डॅक या संस्थेने भारतीय भाषांची सोय असलेली ‘बॉस’ नावाची कार्यप्रणाली तयार केली. ही संस्था १९८८ साली पुण्यात स्थापन झाली असून वाशीहून फार दूर नसलेल्या खारघर येथेही तिचे केंद्र आहे. लिनक्सच्या बहुतेक प्रकारांत पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करून, डिस्कवर काहीही न घालता, ती पाहता येते. आपला प्रिंटर चालतो काय, मराठी नीट उमटते काय, हे असे तपासावे आणि मगच ठरवावे. निर्णय कोणताही होवो, प्रथम सर्व कागदांची प्रत बाहेर काढून ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. उघडून न पाहिलेली प्रत ही प्रत नव्हे.

९. परिपाठ

हे सर्व एका दिवसात अंगवळणी पडणार नाही. शाळेच्या परिपाठाप्रमाणे कामे वाटून घ्यावी. रोज: परिच्छेदाअखेर सेव्ह, उठताना कुलूप. दर शनिवारी: त्या आठवड्याच्या फाइली योग्य फोल्डरात, त्यांची प्रत बाहेरच्या साधनावर, मग एक रीस्टार्ट. दर महिन्यास: डिस्कवरील मोकळी जागा पाहणे, कार्यप्रणालीच्या सुधारणा पूर्ण करणे. दर सत्राअखेर: बाहेरच्या प्रतींतील चार-दोन फाइली उघडून तपासणे. आणि यंत्र दुरुस्तीस देण्यापूर्वी एक चिठ्ठी लिहून द्यावी: डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स व पिक्चर्स या चारही फोल्डरांतील सर्व काही हवे आहे. यंत्र सुरू होत नसले तरी डिस्क काढून दुसऱ्या यंत्रास जोडून त्या फाइली बहुधा उतरविता येतात, हे मला उशिरा कळले. तुम्हांस वेळेवर कळावे.

वाचून झाल्यावर आजच आपल्या सर्वांत मोलाच्या एका फाइलीचा पत्ता शोधा आणि तिची दुसरी प्रत करा. उरलेले पुढील शनिवारी केले तरी चालेल.

चर्चेकरिता व सरावाकरिता

केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेत खालील प्रश्नांवर चर्चा व्हावी आणि कृती प्रत्यक्ष करून पाहाव्या.

१) आपल्या डेस्कटॉपवरील तीन फाइलींचा पूर्ण पत्ता ‘प्रॉपर्टीज’मधून शोधून लिहा.
२) सी व डी या दोन ड्राइव्हवर प्रती ठेवणे अपुरे का, ते सहकाऱ्यास उदाहरणाने समजावून सांगा.
३) आपल्या शाळेतील कोणकोणत्या कागदांची केवळ एकच प्रत अस्तित्वात आहे? यादी करा.
४) जुन्या फाँटमध्ये लिहिलेली एक प्रश्नपत्रिका व युनिकोडमध्ये लिहिलेली दुसरी अशा दोन्ही फोनवर उघडून फरक पाहा.
५) फळा व कपाट, बहुवर्ग अध्यापन, घराचा पत्ता या उपमांचा उपयोग करून पाचवीच्या मुलांकरिता संगणकाविषयी एका तासाचे पाठटाचण तयार करा.
६) आपल्या गावच्या बोलीतील दहा शब्द, त्यांचा अर्थ व एकेक वाक्य लिहा. फाइलीस दिनांकासह नाव द्या, तीन ठिकाणी प्रत ठेवा आणि एक छापील प्रत शाळेच्या कपाटात लावा.